वाया गेलेला गोबी

चाळिशी ओलांडली की मध्यमवर्गीय माणसाला तीनपैकी एक व्याधी हमखास जडते. कुणी अध्यात्माला लागतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू लागतो आणि कुणी हातात खुरपं घेऊन परसात उतरतो. पहिल्या व्याधीला लागणारी श्रद्धा माझ्याकडे नाही. दुसरीला रोगी लागतात, आणि बँकेतल्या क्लार्ककडून गोळी घ्यायची म्हणजे आधी टोकन घेऊन तासभर बसावं लागेल अशी लोकांना रास्त धास्ती असते. राहता राहिलं खुरपं. ते मी उचललं.

आमचं सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात आहे. नावात सुलतान असला तरी गाव साधंसुधं, सोयाबीन-तुरीवर जगणारं. लोणारचं ते जगप्रसिद्ध विवर इथून दहा-बारा किलोमीटरवर. उल्का तिकडे पडली. आमच्या वाट्याला काळी माती आली. आमच्या भाड्याच्या घरामागे चार खाटा मावतील एवढी जागा होती. तिथं मी वाफा केला. ज्या गावात दहा-दहा एकरवाले रोज आपल्या काउंटरवर येतात, तिथं चार खाटांच्या जागेत शेती करणं म्हणजे पोहणाऱ्यांच्या गावात बादलीत डुंबण्यासारखं आहे. दुसऱ्याच दिवशी एक खातेदार पासबुक पुढे सरकवत म्हणाला, "साहेब, पीककर्ज काढलं का नाही मग?" मागच्याने विचारलं, "अन् विमा?" मी दोघांची पासबुकं भरून दिली. सूड म्हणून छपाई जरा फिकी ठेवली.

साधा, पांढरा गोबी लावला असता तर एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या डोक्यात जांभळा गोबी शिरला होता. 2021 साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी गावच्या एका शेतकऱ्याने पिवळ्या आणि जांभळ्या फ्लॉवरचं पीक घेतलं, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली होती. ते कात्रण मी जपून ठेवलं होतं. ज्या माणसाने जन्मभर इतरांसारखाच शर्ट घातला, इतरांसारखीच स्कूटर घेतली आणि इतरांच्याच पैशांचा हिशेब लिहिला, त्याच्या परसात एक तरी वस्तू इतरांकडे नसलेली असावी, अशी या हौसेची मी स्वतःला दिलेली फोड. ती पुरती खरी नव्हती. पण ते पुढे येईल.

बी मागवलं. पाकिटात वीस दाणे निघाले. एका दाण्याचा भाव काढला तेव्हा वाटलं, हे मातीत घालण्यापेक्षा सोनेतारणात ठेवावं. आमचा भाग बियाण्यांच्या बाबतीत काही अडाणी नाही. जालना ही तर बियाण्यांच्या कंपन्यांची नगरी. देऊळगाव राजाकडे गेलात तर शेडनेटच्या शेडच्या शेड उभ्या दिसतील, आणि आत माणसं एकेका फुलाला हाताने परागकण लावून संकरित बी तयार करताना दिसतील. अशा मुलखात मी वीस दाण्यांचं पाकीट छातीशी धरून घरी आलो. सौ.ने ते औषधाचं समजून देवघराशेजारच्या डब्यात ठेवलं.

वीसपैकी चौदा उगवले. महिन्याभरात नऊ रोपं वाफ्यात लावण्याजोगी झाली. मग मी गोबीच्या आजारांवरचं एक पुस्तक आणून वाचलं आणि झोप उडवून घेतली. रोप वेळेवर लावलं नाही किंवा नत्र कमी पडलं तर गड्डा शर्टाच्या गुंडीएवढाच राहतो. त्याला 'बटनिंग' म्हणतात. शेंड्याचा कोंबच मेला तर रोप 'आंधळं' होतं. नुसती पानं येतात, गड्डा येत नाही. बोरॉन कमी पडलं की गड्डा तपकिरी, मॉलिब्डेनम कमी पडलं की पान चाबकाच्या वादीसारखं. हवा नको तेव्हा तापली की गड्ड्यावर भाताची शितं पसरल्यासारखे कण दिसू लागतात. हे कण म्हणजे काय? तर फुलाच्या कळ्या. म्हणजे गोबी फुलाकडे चार पावलं टाकू लागला की पुस्तकात त्याची नोंद 'विकृती' या सदरात होते! तेव्हा मी हे नुसतं वाचून पुढे गेलो. आपण बँकेची परिपत्रकं वाचतो तसं.

नऊ रोपांचा जमाखर्च असा लागला. दोन रोपं चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांनी खाल्ली. एक आंधळं निघालं. तिघांना बटनिंग झालं. त्यांचे गड्डे कोटाला लावता आले असते. आणि तीन रोपांना, खरं सांगतो, पौष महिन्यात असे गड्डे आले की पहाटे उठून मी बॅटरी घेऊन त्यांना बघायला जात असे. जांभळाच्या झाडाखाली पांढरा गोबी रात्रभर झोपला असावा, असा तो रंग.

शेजारचे आबा कुंपणावरून वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "साहेब, गोबीले रंग काहून देला बापा?"

मी म्हटलं, "आबा, रंग दिलेला नाही. जातच तशी आहे."

"असन," आबा म्हणाले. हे 'असन' आमच्याकडे फार उपयोगी पडतं. समोरचा खोटं बोलतोय अशी खात्री असली आणि भांडायची इच्छा नसली की 'असन' म्हणतात.

मला राग आला तो वेगळ्याच कारणाने. 2020 च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं. देशभर बातम्या झाल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव आहेत, त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याचा हा प्रताप. ते कॅरोटिनॉइड नावाच्या घराण्यातलं. गाजराला रंग देणारं द्रव्यही याच घराण्यातलं. तेव्हा हेच आबा विवराच्या काठावर उभे राहून हात जोडून आले होते. पाण्याने रंग बदलला तर चमत्कार, आणि गोबीने बदलला तर साहेबाची लबाडी! माझ्या गोबीचा रंग तर अगदीच घरगुती, जांभळात आणि वांग्याच्या सालीत असतो तोच.

शिवाय गोबी पांढराच असतो हे तरी कुणी ठरवलं? सिसिली बेटावर जांभळा फ्लॉवर पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. तिथले आबा पांढरा बघून 'असन' म्हणत असतील. 1970 साली कॅनडातल्या एका शेतात पांढऱ्या गोबीत एक नारिंगी गोबी निघाला. कुणीतरी तो उकिरड्यावर फेकला नाही, म्हणून त्यापासून पुढे नारिंगी वाण तयार झाले. आपल्याकडे दिल्लीच्या पुसा संस्थेनेही 2015 साली असा केशरी गोबी काढला. आणि ज्या पांढऱ्याला आपण घरचा समजतो, तो 1822 साली इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आला. त्याला आपलं ऊन सोसेना. सोसणाऱ्यांचं बी धरत धरत इथले वाण झाले. तो पांढरा राहतो तोही आपोआप नाही. ऊन लागलं की पिवळा पडतो, म्हणून शेतकरी त्याचीच पानं ओढून गड्ड्यावर बांधतात. पानं बांधून जपलेला तो पांढरेपणा! जांभळ्याला ही झाकपाक लागत नाही. तो उन्हात उघड्यावर रंगतो.

पहिला गड्डा आम्ही कापला. सौ.ने तुकडे करून उकळत्या पाण्यात टाकले, आणि बघता बघता पाणी शाईच्या दौतीसारखं निळं झालं. भाजी ताटात आली ती राखाडी-निळी. मी धीर करून वर लिंबू पिळलं, तर लिंबू पडलं तिथं ती गुलाबी झाली. सौ. चमचा हातात तसाच धरून बघत राहिली.

"अँथोसायनिन," आमचा मुलगा ताटातून मान न उचलता म्हणाला. "आम्लात गुलाबी, अल्कलीत निळं. लिटमससारखं."

एवढं बोलून त्याने भाकरी मोडली. घरात चार महिन्यांत तो जे काही बोलला होता त्यातलं हे सर्वांत लांब भाषण.

इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे. मुलगा दोन वर्षं लातूरला राहून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसला, दोन्ही वेळा नंबर लागला नाही, आणि जूनपासून घरी होता. या परीक्षेचं नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नसावी. परीक्षेचं नावच 'नीट'. त्यामुळे ती ज्याची होत नाही त्याचं काहीच नीट झालं नाही, असं आपोआप ठरून जातं. आम्ही त्याला कधी रागावलो नाही. फक्त पाहुणे आले की 'तो आत वाचत बसलाय' असं सांगायचो, आणि तो आत जाऊन बसायचा. गोबीला पानं बांधतात म्हणून मघाशी मी तुम्हांला ऐटीत सांगितलं. स्वतःच्या घरातली बांधलेली पानं मला तेव्हा दिसत नव्हती.

दुसरा गड्डा आबांकडे दिला. आजींनी त्याची भजी करून वाटीभर परत पाठवली. बेसनात घातल्यावर सगळे रंग सारखेच होतात हे त्या दिवशी कळलं.

तिसरा गड्डा सगळ्यांत मोठा. तो मी कापू दिला नाही. कारण पुण्याहून मेहुणे येणार होते.

एका सकाळी मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो असताना मुलगा येऊन शेजारी बसला. म्हणाला, "बाबा, तुम्हांला माहीत आहे का, हे फूल नाही."

"अरे, फ्लॉवर म्हणतात त्याला. पुण्यात तर फ्लॉवरच म्हणतात."

"तेच. फुलाला फूल म्हणत नाहीत आणि याला फ्लॉवर म्हणतात." मग त्याने एक बोंडकं बोटाने जरा बाजूला करून दाखवलं. मोठ्या गड्ड्यात छोटा गड्डा, त्यात आणखी छोटा. "हा प्रत्येक कोंब फूल व्हायला निघतो आणि फसतो. पण एकदा फुलाच्या वाटेला लागल्याची आठवण त्याच्यात राहते. त्यामुळे तो साधी फांदीही होत नाही. त्याच्या अंगावर नवे कोंब फुटतात, तेही फूल व्हायला निघतात, तेही फसतात. त्यांच्या अंगावर आणखी. असे हजारो वेळा फसलेले कोंब दाटीवाटीने बसले की गोबी होतो. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे नीट उलगडून दाखवलं."

'नीट' शब्दापाशी तो किंचित अडखळला. मीही जमिनीकडे बघितलं.

पण वाचकहो, बापाच्या जातीला असा ऐवज सापडला की ती गप्प बसत नाही. मला वाटलं, देवाने ही संधी तासून हातात दिली आहे. मी घसा साफ केला आणि प्रवचनाला बसलो. "बघ, म्हणजे फसणं किती मोलाचं! हा पहिल्याच झटक्यात फूल झाला असता तर चार दिवसांत गळून गेला असता. फसला, पुन्हा उठला, पुन्हा फसला, म्हणून तर त्याला बाजारात भाव आहे. अपयश हीच..."

"बाबा," तो शांतपणे म्हणाला, "हे खाणाऱ्याचं मत झालं. गोबीला विचारलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेत असा प्रश्न आला असता तर मी त्याला पलीकडच्या काउंटरवर पाठवला असता.

तो उठला. जाताना म्हणाला, "हा मामांसाठी ठेवलाय ना?"

"हो. येतील ते पुढच्या रविवारी."

"ठीक आहे. त्यांना काहीतरी दाखवायला पाहिजेच."

टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. ते त्याने इतक्या सरळ सांगितलं की 'पाणी तापलंय' म्हणावं. आणि वाफ्यापाशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की जांभळ्या गोबीची खरी फोड ही आहे. मेहुण्यांची मुलगी त्याच वर्षी मेडिकलला लागली होती. ते येणार, पेढे आणणार, आणि आमच्या घरात त्यांच्यापुढे ठेवायला काय? मुलगा तर आत 'वाचत बसलेला'. म्हणून मी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, सोन्याच्या भावाचं बी आणलं आणि बॅटरी घेऊन पहाटे उठलो. पुण्यात कुणाच्या परसात नसेल अशी वस्तू मला दाखवायची होती. मुलाच्या जागी मी गोबी उभा केला होता. आणि हे मुलाला माझ्याआधी कळलं होतं.

मेहुण्यांचा पुढचा रविवार काही येईना. एकदा सोसायटीची सभा निघाली, एकदा गाडी दुरुस्तीला गेली. इकडे फेब्रुवारीचं ऊन चढू लागलं आणि गड्डा सैल झाला. मुठीसारखा मिटलेला होता तो हाताच्या पंजासारखा उलगडू लागला. सौ. रोज सकाळी विळी दाखवून म्हणे, "आज चिरते. उद्या म्हशीलाच घालावा लागेल." एका पहाटे मीच सुरी घेऊन गेलो. दाखवायचं हे खूळ एकदाचं संपवावं, म्हणून.

मुलगा आधीच तिथं उभा होता. म्हणाला, "आता राहू द्या, बाबा. सुटलाय तो. बघू तर, पुढे काय होतं."

मी सुरी घेऊन परत आलो आणि तिने पेन्सिलीला टोक केलं.

पुढे काय होतं ते आमच्या घरात कुणीच आजवर पाहिलं नव्हतं. आम्ही गोबी खाणारी माणसं. गोबीचा पुढचा जन्म आम्ही कधी होऊच दिलेला नाही. गड्ड्यातून हात-हात दांडे वर निघाले. त्यांवर बारीक कळ्या आल्या. आणि मार्च लागता लागता ते सगळं पिवळंधमक फुललं. मोहरीच्या फुलासारखी चार-चार पाकळ्यांची फुलं. मोहरी त्याच्याच कुळातली, तर कोबी, नवलकोल, ब्रोकोली ही सख्खी भावंडं. सगळी एकाच जातीची. आपण कुणाची पानं धरली, कुणाचा बुंधा फुगवला, कुणाला फुलाच्या उंबऱ्यावर अडवून ठेवलं. सगळ्यांच्या मनात मात्र हीच पिवळी चार पाकळ्यांची गोष्ट होती. कोटाच्या गुंड्या म्हणून मी हिणवलेली ती तीन रोपंही फुलली. आणि त्यांची फुलं मोठ्याच्या फुलांपेक्षा एक कणही लहान नव्हती. सकाळी नऊला मधमाश्या यायच्या. आमची बँक दहाला उघडते.

आबा कुंपणावरून वाकले. या वेळी त्यांनी 'असन' म्हटलं नाही. हळहळून म्हणाले, "वाया गेला न साहेब गोबी!"

आबांचं काही चुकलं नव्हतं. सगळा महाराष्ट्र असंच म्हणेल. गोबी फूल न होता राहिला तर त्याला 'फ्लॉवर' म्हणायचं, आणि खरोखर फुलला तर 'वाया गेला' म्हणायचं, अशी आपली भाषा आहे. पण मी कॉमर्सचा पदवीधर. 'वाया गेला' हे शब्द त्या दिवशी मला एखाद्या न जुळलेल्या रोजकीर्दीसारखे टोचू लागले.

आम्हांला पहिल्या वर्षाला शिकवतात, की 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या साधूने द्विनोंदी पद्धत पुस्तकात छापून प्रसिद्ध केली. व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती मांडून दाखवली. तिचं सार एवढंच, की कुठलीही नोंद एकटी नसते. एका बाजूला नावे, तर दुसऱ्या बाजूला जमा. तुम्ही बँकेत शंभर रुपये ठेवता ते तुमच्या दृष्टीने तुमची मालमत्ता. आमच्या वहीत ते आमचं देणं. पैसे तेच, वही कुणाची ते बघायचं. जो नुसती एक बाजू लिहितो त्याचा ताळेबंद कधी जुळत नाही.

'वाया गेला' ही एकेरी नोंद आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या वहीत गोबी नावे पडला, कबूल. पण मधमाश्यांच्या वहीत तो जमेला होता. आणि खुद्द गोबीच्या वहीत? हजार वेळा फसून त्याला जे एकदा करायचं होतं ते त्याने केलं होतं. अळ्यांनी खाल्लेली ती दोन रोपं, माझ्याकडे तोटा, अळ्यांकडे सुगी. माझं ते सकाळचं प्रवचन का कोसळलं तेही आता कळलं. 'फसलास म्हणून भाव आला' असं मी सांगत होतो, म्हणजे मुलाची नोंदसुद्धा मी खाणाऱ्याच्याच वहीत करत होतो. फक्त नावे होती ती खोडून जमेला मांडत होतो. वही त्याची होती. ती मी उघडूनच बघितली नव्हती.

कुणी म्हणेल, अशाने परीक्षांना काही अर्थच उरणार नाही. नाही, तसं माझं म्हणणं नाही. उद्या माझ्या पोटावर सुरी चालवणारा डॉक्टर परीक्षा पास झालेलाच मला हवा, आणि चांगल्या नंबराने. परीक्षेने मुलाला सांगितलं की हे काम तुझ्याकडे नाही. तेवढं सांगायचा तिचा अधिकार आहे. चूक आमची. आम्ही तिने लिहिलेली एक ओळ घेतली आणि तिच्याखाली 'एकूण' म्हणून रेघ मारली. मी स्वतः ऑफिसरच्या बढतीच्या परीक्षेत दोनदा बसून दोनदा राहिलो. तेव्हा माझ्या वडिलांनीही अशीच रेघ मारली होती. ती पुसायला मला वीस वर्षं लागली, आणि पुसून झाल्यावर तेच खोडरबर मी मुलाला द्यायचं सोडून पट्टी दिली.

होळीनंतर मेहुणे एकदाचे आले. पेढे आणले. चहा झाल्यावर म्हणाले, "दाजी, तो तुमचा जांभळा फ्लॉवर कुठंय? फोनवर फार कौतुक ऐकलं."

आतून मुलाला हाक मारली. म्हटलं, "मामांना दाखव."

तो बाहेर आला. पाच-सहा महिन्यांत पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच. त्याने मामांना परसात नेलं आणि त्या पिवळ्या पसाऱ्यापुढे उभं केलं. कोंब कसा फसतो, माश्या सकाळीच का येतात, या कुळातली झाडं स्वतःचेच परागकण सहसा स्वीकारत नाहीत आणि म्हणून शेजारी दुसरं झाड लागतं, हे सगळं तो हाताने फुलं वाकवून सांगत होता. मेहुणे कोथरूडचे. त्यांनी रुमालाने मान पुसत सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पण भाजी तर गेलीच म्हणायची. आता पुढे काय?"

ते गोबीकडे बघून विचारत होते की मुलाकडे, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "त्याचं तो बघेल. फुललाय सध्या."

मेहुण्यांनी जाताना बाजारातून पांढरा गोबी घेतला. सौ.ने रात्री चिरून ठेवलेला गोबी आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला, मीसुद्धा. तत्त्वज्ञान आपल्या ठिकाणी, रस्सा आपल्या ठिकाणी. पण त्या रात्री पानावर मुलाने मामांनी आणलेला पेढा स्वतःहून घेतला आणि बहिणीला फोन करून अभिनंदन केलं. जूनपासून राहून गेलेला तो फोन होता.

एप्रिल-मेच्या उन्हात शेंगा वाळल्या. मोहरीच्या असतात तशाच, बारीक. बहुतेक पोकळ निघाल्या. थोड्यांत दाणे होते. मुलाने ते मोजले : सदतीस. संकरित वाणाचं बी असल्यामुळे यातून पुन्हा जांभळाच येईल याची खात्री नाही, असं त्याने मला आधीच सांगून ठेवलं आहे. पांढरा येईल, फिका येईल, मधलाच कसला तरी येईल. वीस दाणे विकत आणले होते, सदतीस निघाले. एवढा व्याजदर आमची बँक देत नाही, पण मुद्दलाची हमी मात्र नाही.

दाणे मी बँकेतल्या चिल्लरच्या लहान पिशवीत घालून वर चिठ्ठी डकवली आहे. चिठ्ठीवर दाण्यांची संख्या लिहिली, तारीख लिहिली. 'वाण' या शब्दापुढची जागा कोरी ठेवली आहे. मुलगा या वर्षी काय करणार, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. पण परवा पाहुणे आले तेव्हा तो आत गेला नाही. वाफ्यात उभा होता, कुदळ घेऊन. आबांनी कुंपणावरून विचारलं, "काय लावता रे पोरा यंदा?"

तो म्हणाला, "उगवल्यावर सांगतो, आबा."

आबा म्हणाले, "असन."